एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर लिहिताय? या चुका टाळा

मुंबईच्या इतिहासावर मराठीत सध्या खूप लिहिलं जातंय, ही चांगली गोष्ट आहे. किल्ला, गोदी, गिरण्या, इराणी हॉटेलं, ट्राम अशा एकेका विषयावर माणसं जीव ओतून माहिती गोळा करतात. कामाठीपुऱ्याचा विषय निघाला की मात्र तीच पाच-सहा वाक्यं इकडून तिकडे फिरत राहतात. हेरिटेज वॉकमध्ये सांगितलेलं यूट्यूबवर जातं, ते ऐकून कुणी लेख लिहितं आणि तोच लेख पुढच्या वॉकमध्ये पुरावा म्हणून परत येतो. त्यातली बरीच वाक्यं चुकीची आहेत.

या चुका मला जास्त लागतात, त्याला कारण आहे. त्या काळातल्या धंदेवाल्या बायकांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेलं जवळजवळ काहीच आपल्यापर्यंत पोचलेलं नाही. आहे ते पोलिसांनी, सरकारी डॉक्टरांनी, म्युनिसिपालिटीच्या कारकुनांनी, मिशनऱ्यांनी आणि वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलेलं. कुणाला या बायकांना एका गल्लीत कोंडायचं होतं, कुणाला खर्च दुसऱ्याच्या गळ्यात मारायचा होता, कुणाला इंग्लंडमधल्या वाचकांना हादरवायचं होतं. कागद कुणी आणि कशासाठी लिहिला हे न विचारता आपण तो उतरवून घेतला, तर पोलिसाची नजरच आपली नजर होते. खालच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

चूक : कामाठीपुरा इंग्रजांनी गोऱ्या सोल्जरांसाठी वसवला

सगळ्यात जास्त फिरणारं वाक्य हेच. हॉर्नबी वेलार्डचा बांध अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी पुरा झाला, बेटांमधली खाजणं हळूहळू भरत गेली आणि भायखळ्याच्या आसपासच्या या सखल जमिनीवर वस्ती होऊ लागली. निजामाच्या मुलखातून, तेलुगू भागातून आलेले कामाठी मजूर इथे राहायला आले. मुंबईच्या इमारती आणि रस्ते बांधण्यात त्यांचे हात होते. वस्तीला नाव त्यांचंच पडलं. वस्ती मजुरांची होती आणि गोऱ्या पलटणींचा मोठा तळ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कुलाब्याला होता.

आता १८६४ च्या जनगणनेकडे बघा. वेश्या म्हणून नोंदवलेल्या बायका गिरगावात १,०४४, फणसवाडीत १,३२३ आणि उमरखाडीत १,५८३ होत्या. या तीन विभागांचीच बेरीज ३,९५० होते. कामाठीपुऱ्याचा आकडा या तिघांच्याही खाली होता. म्हणजे शतकाच्या मध्यापर्यंत हा धंदा शहरभर पसरलेला होता, आणि आज ज्या गिरगाव-फणसवाडीला आपण मध्यमवर्गीय मराठी संस्कृतीचं माहेरघर म्हणतो तिथे तो चांगलाच होता. हे वाचून अनेकांना धक्का बसतो, कारण गिरगावच्या आठवणींच्या पुस्तकांत याचा मागमूस नसतो.

मग कामाठीपुराच का उरला? एका हुकमाने ते झालं नाही. प्रतिष्ठित वस्त्यांमधले घरमालक आणि रहिवासी तक्रारी करत राहिले आणि पोलीस बायकांना तिथून हटवत राहिले. हटवलेली बाई जाणार कुठे? जिथे तक्रार करणाऱ्याला वजन नाही तिथे. गरीब मजुरांच्या वस्तीत सरकारदरबारी ऐकलं जाईल असा आवाज कुणाचाच नव्हता. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दाट वस्त्यांमधून रुंद रस्ते निघू लागले, तशी उठवाउठवी आणखी वाढली. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्याने तर ठरावीक रस्त्यांवरून या बायकांना हलवण्याचं बळ पोलीस कमिशनरच्या हातात दिलं. तेव्हा कामाठीपुरा 'वसवला' असं लिहू नका. शहराने आपल्याला नको असलेल्या बायका तिकडे ढकलल्या, हे वर्षांच्या क्रमाने दाखवा.

सोल्जरांची गोष्ट मग आली कुठून? ती खरी आहे, पण कॅन्टोन्मेंटची आहे. लष्करी छावण्यांमध्ये पलटणीच्या बाजाराला लागून बायकांची वस्ती असे, तिला लाल बाजार म्हणत. १८६४ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली या बायकांची नोंद व्हायची, ठरावीक दिवशी तपासणी व्हायची, आजारी निघाली तर तिला लॉक हॉस्पिटलात, म्हणजे गुप्तरोगांसाठीच्या बंदिस्त इस्पितळात ठेवायचे. १८८६ साली लष्कराच्या मुख्यालयातून निघालेल्या एका परिपत्रकात पलटणींना पुरेशा बायका मिळतील आणि त्या दिसायला बऱ्या असतील याची काळजी घ्या असं अधिकाऱ्यांना बजावलं होतं. ते इंग्लंडमध्ये पोचलं तेव्हा तिथे गदारोळ झाला. पुढे १८९१-९२ च्या हिवाळ्यात एलिझाबेथ अँड्र्यू आणि केट बुशनेल या दोन अमेरिकन बायका उत्तर हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये फिरल्या, तिथल्या बायकांशी बोलल्या आणि १८८८ साली सक्तीच्या तपासणीचा कायदा रद्द झाल्यावरही हे सगळं कसं चालू आहे याची साक्ष त्यांनी लंडनला जाऊन दिली. हे सगळं छावण्यांचं आहे. ते उचलून कामाठीपुऱ्याला चिकटवायचं नाही.

चूक : १८६४ ची सरमिसळ

ही छोटी आहे, पण लेखच्या लेख बिघडवते. १८६४ साली तीन वेगळ्या गोष्टी घडल्या. इंग्लंडमध्ये पहिला सांसर्गिक रोग कायदा, म्हणजे गुप्तरोग रोखायच्या नावाखाली वेश्यांची सक्तीने तपासणी करणारा कायदा आला, तोही काही ठरावीक लष्करी आणि बंदरांच्या गावांपुरता. हिंदुस्थानात कॅन्टोन्मेंट कायदा आला. आणि मुंबई शहराची जनगणना झाली. या तिन्हींचा एकमेकांशी थेट संबंध नाही. '१८६४ च्या कायद्याने मुंबईतल्या वेश्यांची नोंद झाली आणि त्या इतक्या निघाल्या' असं वाक्य कुठे दिसलं, तर लिहिणाऱ्याने जनगणनेचा आकडा कायद्याच्या गळ्यात बांधला आहे असं समजा. मुंबई शहराशी संबंध असलेला कायदा चार वर्षांनी आला.

चूक : इंग्रजांनी वेश्याव्यवसायावर बंदी घातली, किंवा इंग्रजांनी तो कायदेशीर केला

दोन्ही वाक्यं चुकीची, आणि एकाच लेखात दोन्ही सापडतात. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पैसे घेऊन शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा नव्हता. १८६० च्या दंड संहितेत सोळा वर्षांखालच्या मुलीला या धंद्यासाठी विकणं आणि विकत घेणं हे गुन्हे होते, कलमं ३७२ आणि ३७३. रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावण्याबद्दल पोलीस कायद्यांत तरतुदी होत्या. बाकी कायदा गप्प होता.

त्या गप्प जागेत १८६८ चा हिंदी सांसर्गिक रोग कायदा शिरला. हा कायदा नीट समजून घ्या, कारण निम्मे घोटाळे इथे होतात. ज्या शहरात तो लागू होईल तिथे धंदा करणाऱ्या बाईने आपली नोंद करायची, कुंटणखाना चालवणाऱ्यानेही करायची. नोंद झाली की ठरलेल्या दिवशी सरकारी डॉक्टरपुढे उभं राहायचं. रोग दिसला तर लॉक हॉस्पिटलात जायचं आणि सोडेपर्यंत तिथेच राहायचं. नोंद केली नाही किंवा तपासणी चुकवली तर दंड किंवा कैद.

मुंबईत हा कायदा १ मे १८७० ला लागू झाला आणि १८७२ मध्ये स्थगित झाला. का? कुणाचं मन द्रवलं म्हणून नाही. खर्चाचा वाटा कुणी उचलायचा यावरून सरकार आणि म्युनिसिपालिटी यांच्यात जुंपली आणि म्युनिसिपालिटीने पैसे द्यायला नकार दिला. शहरातल्या करदात्यांनी गोऱ्या खलाशांच्या आणि सोल्जरांच्या तब्येतीसाठी आपल्या खिशातून का द्यावं, असा तो वाद होता. बायकांना काय वाटतं हे त्या पत्रव्यवहारात कुणीच विचारत नाही. पैशाच्या भांडणाने त्यांची आठ वर्षं सुटका झाली. १८८० साली कायदा पुन्हा लागू झाला. तोवर इंग्लंडमध्ये जोसेफिन बटलर आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथल्या कायद्याविरुद्ध उघडलेली मोहीम जोरात होती. १८८६ मध्ये तिथला कायदा गेला. जून १८८८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सने हिंदुस्थानातल्या पद्धतीविरुद्ध ठराव केला आणि त्याच वर्षी इथलाही कायदा रद्द झाला.

तुमच्या हातातला मजकूर तपासायची सोपी युक्ती म्हणजे या तारखा शेजारी लिहून ठेवणं. १८७५ साली मुंबईत 'कायद्याखाली नोंदवलेली' बाई, असा उल्लेख दिसला की थांबा. त्या वर्षी मुंबईत तो कायदा चालू नव्हता. एकतर वर्ष चुकलंय, नाहीतर गाव चुकलंय, नाहीतर लिहिणाऱ्याने कलकत्त्याची हकीकत मुंबईच्या नावावर खपवली आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच सर्रास होते. १८८८ ला सगळं संपलं असं लिहून लोक पुढे जातात. शहरात कायदा गेला हे खरं, पण छावण्यांत १८८९ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखालच्या नियमांनी तीच व्यवस्था वेगळ्या नावाने चालू राहिली. १८९५ साली ती बंद करायचा प्रयत्न झाला आणि १८९७ साली सैनिकांमधल्या रोगाचे आकडे पुढे करून नियम पुन्हा कडक झाले.

चूक : तो शेवटी आरोग्याचाच कायदा होता ना?

इथे जरा थांबायला हवं. हे वाक्य समजूतदार वाटतं आणि शिकलेले लोक ते बोलतात.

मुंबईत हा कायदा आला तेव्हा वैद्यकशास्त्राला काय माहीत होतं ते बघा. परम्याचा (गोनोरियाचा) जंतू नायसरने १८७९ साली दाखवला. गरमीचा (सिफिलिसचा) जंतू १९०५ साली सापडला. रक्ताची तपासणी त्यानंतरची. पहिलं खऱ्या अर्थाने काम करणारं औषध १९१० चं आणि पेनिसिलिन तर १९४० च्या दशकातलं. म्हणजे १८७० साली तपासणाऱ्या डॉक्टरकडे डोळे आणि एक धातूचं उपकरण, एवढंच होतं. बाई रोगी आहे की तिच्या अंगावरून साधं पांढरं जातंय, हे त्याला खात्रीने सांगता येत नव्हतं. वरून काही दिसत नसलेली बाई निरोगी आहे हेही सांगता येत नव्हतं. उपचार म्हणून पारा द्यायचे, जो अंगाला बाधायचा. तेच उपकरण पुरेसं न धुता एकीनंतर दुसरीला वापरलं तर रोग पसरण्याचीच भीती.

आता दुसरी बाजू. पुरुषांची तपासणी? ब्रिटिश लष्करात सैनिकांची अशी नियमित तपासणी होत असे. ती १८५९ साली बंद केली गेली, कारण सैनिकांना ती अपमानास्पद वाटे. सैनिकाचा मान राखायचा म्हणून जी गोष्ट थांबवली तीच पुढच्या दहा-अकरा वर्षांत मुंबईतल्या बाईवर कायद्याने लादली. रोग दोघांमध्ये जातो आणि तपासणी एकाचीच होते, त्या व्यवस्थेला आरोग्यव्यवस्था म्हणताना हात आखडायला हवा.

बायकांनी हे निमूट सोसलं असंही लिहू नका. मुंबई-कलकत्त्याकडे अनेकींनी नोंदणी टाळली. कुणी हद्दीबाहेर बिऱ्हाड हलवलं, कुणी पत्ता बदलत राहिल्या, कुणी आपण एकाच माणसाने ठेवलेल्या आहोत, बाजारात बसत नाही, असं ठासून सांगितलं. हाकिमाने याला 'लबाडी' असा शेरा मारलेला असतो. तो शेरा उतरवून घेताना आपण त्याची बाजू घेतोय हे ध्यानात ठेवा. एखादीने आपलं शरीर सरकारी टेबलावर पडू नये म्हणून केलेली ती धडपड आहे.

चूक : आकड्यांवर डोळे मिटून विश्वास

वर मी १८६४ चे आकडे दिले. ते वस्त्यांची आपापसात तुलना करायला कामाचे आहेत. १८६४ ते १९०१ असा आलेख काढायला मात्र ते चालणार नाहीत.

१८६४ सालची मुंबई नेहमीची मुंबई नव्हती. अमेरिकेतलं यादवी युद्ध चालू होतं, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेना, हिंदुस्थानी कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. माणसं लोंढ्याने आली. त्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६५ साली युद्ध संपलं, शेअर्सचा फुगा फुटला, आणि १८७२ च्या जनगणनेत लोकसंख्या ६,४४,४०५ वर आली. पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं कमी! मग १८६४ च्या तुलनेत पुढे वेश्यांचा आकडा घटलेला दिसला तर त्यावरून नैतिकता सुधारली, कायद्याचा परिणाम झाला, असले निष्कर्ष काढायचे नाहीत.

शिवाय जनगणनेत हा धंदा सांगणार कोण? दारात कारकून आला की बाई शिवणकाम सांगेल, मजुरी सांगेल, किंवा घरमालकच तिच्या वतीने काहीतरी सांगून मोकळा होईल. उलट बाजूने कारकून एकट्या राहणाऱ्या बाईला किंवा गाणाऱ्या बाईला आपल्या मनाने त्या रकान्यात टाकेल. गिरणीत दिवसा काम करून रात्री कधीमधी पैशासाठी पुरुष घेणारी बाई कुठल्या रकान्यात बसते? सांसर्गिक रोग कायद्याखालचा नोंदणीचा आकडा तर आणखी वेगळा. तो पोलिसांच्या हाती लागलेल्या बायकांचा आकडा आहे. जनगणना एका मापाने मोजते, पोलीस दुसऱ्या. दोन्ही एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडू नका.

लष्करी रोगांच्या आकड्यातही एक फसवी जागा आहे. १८९० च्या दशकात गोऱ्या सैनिकांमध्ये गुप्तरोगाचं प्रमाण हजारी पाचशेच्या वर गेलं, हा आकडा सगळीकडे दिसतो आणि त्यावरून 'निम्मे सोल्जर रोगी' असं लिहिलं जातं. तो आकडा इस्पितळात दाखल होण्याच्या वेळांचा आहे. एकच सैनिक वर्षात तीनदा दाखल झाला तर तीन धरले जातात.

एक आकडा मात्र जरूर वापरा, कारण त्याशिवाय हे शहर समजत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत हजार पुरुषांमागे बायका सहाशेच्या आगेमागे होत्या. कोकणातून, घाटावरून पुरुष गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला यायचे. बायकामुलं गावाकडे शेतावर. खानावळीत जेवायचं, खोलीत दहा-बाराजणांनी पथाऱ्या टाकायच्या. धंद्याची मागणी कुठून आली याचं निम्मं उत्तर इथे आहे, आणि ते उत्तर गोऱ्या सोल्जराकडे बोट दाखवून मिळत नाही. गिऱ्हाईक बहुतांशी इथलंच होतं. आपल्या लेखनात ते हमखास गाळलं जातं.

चूक : सगळ्याच देवदासी, नाहीतर सगळ्याच ब्राह्मण विधवा

नायकिणी, कलावंतिणी, भाविणी, मुरळ्या, कसबिणी, ठेवलेल्या बायका, यांना एका माळेत ओवण्याचं काम आधी सरकारी वह्यांनी केलं आणि आज आपण तेच करतो. गोव्यातल्या आणि दक्षिण कोकणातल्या देवळांशी बांधलेल्या घराण्यांतल्या कलावंतिणी मुंबईत आल्या, त्यांच्यातल्या अनेकींना पिढ्यान्‌पिढ्यांची गाण्याची तालीम होती, घरं बाईच्या नावाने चालत, वारसा मुलीकडे जाई. खंडोबाला सोडलेली मुरळी वेगळी. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर-नगरकडून पोटासाठी मुंबईत आलेली कुणबी किंवा महार-मांग बाई वेगळी. कायद्याच्या नजरेत या सगळ्या एक झाल्या.

हे किती खोलवर गेलं याचं एक उदाहरण नीट वाचण्यासारखं आहे. १८८० साली मुंबई उच्च न्यायालयापुढे मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण हा दावा आला. नायकिणींच्या घरात मुलगी दत्तक घ्यायची जुनी रीत. वंश, घर, कला आणि मालमत्ता तिच्याकडे जायची. अशा दत्तकाला कायद्याने मान्यता आहे का, त्या मुलीला मालमत्तेत वाटा मागता येतो का, हा प्रश्न होता. न्यायमूर्ती वेस्ट यांनी लांबलचक निकाल लिहून ती रीत नीतीविरुद्ध ठरवली आणि मान्यता नाकारली. हिंदू कायद्यात रूढीला एवढं वजन असताना या एका समाजाची रूढी मात्र रूढी धरली नाही. मद्रास उच्च न्यायालयाने अशा दत्तकाबाबत पुढे इतकी टोकाची भूमिका घेतली नाही. मुंबईतल्या निकालाचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता? बाईने मिळवलेलं घर पुढच्या बाईकडे जाण्याची वाट अडली. ज्या दशकात पोलिसांच्या वहीत नायकीण 'वेश्या' होत होती त्याच दशकात कोर्टात तिचं घराणं बेकायदा ठरत होतं. हे दोन धागे एकत्र मांडल्याशिवाय मुंबईतल्या नायकिणींबद्दल लिहिणं अर्धवट राहतं.

विधवांचं तसंच. केशवपन झालेली, फसवलेली, शेवटी बाजारात आलेली ब्राह्मण विधवा ही त्या काळच्या मराठी लेखनातली ठरलेली व्यक्तिरेखा आहे. तिच्यामागे खरं दुःख होतं. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते उगाच नाही. पण लिहिणारे बहुतेक वरच्या जातींतले होते, म्हणून त्यांना दिसलेली बाई आपल्या घरासारख्या घरातली होती. ज्या जातींत पाट लागत होता, म्हणजे विधवेचं पुन्हा लग्न होत होतं, त्या जातींतल्या बायकाही मुंबईच्या बाजारात होत्या. दुष्काळ, नवऱ्याचं टाकणं, प्लेग, गिरणीतली तुटपुंजी मजुरी, ही कारणं सुधारकांच्या लेखनात फार मागे पडतात. तारा­बाई शिंद्यांनी १८८२ साली बुलढाण्यातून लिहिताना वेश्या घडवणाऱ्या पुरुषांनाच जाब विचारला, तेवढा थेट प्रश्न त्या काळात फार थोड्यांनी विचारला.

चूक : सफेद गल्लीच्या रंगीत गोष्टी

सुखलाजी स्ट्रीटला लोक सफेद गल्ली म्हणत. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, ट्रिएस्टहून निघालेली बोट काही आठवड्यांत मुंबईला लागू लागली, आणि शतकाच्या शेवटच्या दशकांत पूर्व युरोपातल्या बायका, त्यांत पुष्कळशा गरीब ज्यू घरांतल्या, मुंबईच्या धंद्यात दिसू लागल्या. जपानी बायकाही आल्या. इंग्रज बाई मात्र या धंद्यात दिसू नये यावर पोलिसांचा कटाक्ष होता. राज्यकर्त्याच्या रक्ताची बाई नेटिवाला विकत मिळते हे दृश्य त्यांना परवडणारं नव्हतं.

या बायकांवर लिहिताना दोन टोकं टाळा. एक, 'गोऱ्या मडमा'वाली चवीची वर्णनं. दुसरं, प्रत्येकीला साखळदंडाने बांधून आणल्याच्या कहाण्या, ज्या युरोपातल्या वर्तमानपत्रांना हव्या होत्या. फसवून आणलेल्या होत्या, कर्जात अडकलेल्या होत्या, आणि गावातल्या उपासमारीपेक्षा हे बरं म्हणून आलेल्याही होत्या. त्यांची संख्या देशी बायकांच्या मानाने अगदी थोडी होती, पण कागद त्यांच्याबद्दल जास्त आहेत, कारण गोऱ्या बाईची काळजी वाहणारे जास्त होते. पानं जास्त म्हणून माणसं जास्त असं धरू नका.

नकाशा आणि शोध जुळत नसेल तर

जुन्या कागदातला रस्ता आजच्या नकाशावर सापडत नाही, ही तक्रार नेहमीची. फॉकलंड रोड म्हणजे आजचा पठ्ठे बापूराव मार्ग. फोरास रोड आता आर. एस. निमकर मार्ग. डंकन रोडचा मौलाना आझाद रोड झाला, बेलासिस रोडचा जहांगीर बोमन बेहराम मार्ग, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल रोड. ग्रँट रोडच्या बाबतीत आणखी गोंधळ होतो, कारण लोक स्टेशनच्या आसपासच्या सगळ्या भागाला तेच नाव देतात. तिथे १८४० च्या दशकात नाटकघर उभं राहिलं आणि पुढे त्या भागाला पिला हाऊस म्हणू लागले. तमाशा, नाटक, दारू आणि कुंटणखाने एकमेकांना लागून वाढले, म्हणून नाटकाच्या इतिहासातूनही या वस्तीची माहिती मिळते. तिकडे फारसं कुणी बघत नाही.

इंग्रजी दप्तरात शोधताना आजचं स्पेलिंग घातलं तर हाती काही लागणार नाही. उमरखाडी 'ऊमबरखारी' होऊन बसलेली असते, फणसवाडी 'फुनुसवारी'. इंग्रज कारकुनाने कानाने ऐकून जसं लिहिलं असेल तसं चार-पाच तऱ्हेने लिहून बघा. 'वेश्या' या एकाच शब्दाखाली शोधू नका. पोलीस, सॅनिटरी, हॉस्पिटल, उपद्रव, अर्ज या मथळ्यांखाली हे विषय लपलेले असतात. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात न्याय खात्याचे आणि जनरल खात्याचे खंड आहेत. देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे सरकारने करवून घेतलेले इंग्रजी गोषवारेही वाचा, पण मूळ मराठी अंक मिळत असेल तर तो आधी. गोषवाऱ्यात सरकारला खुपणारं तेवढंच आलेलं असतं.

फोटोंबद्दल एकच सांगते. त्या काळातले 'नाचणारी' किंवा 'बाजारातली बाई' अशा मथळ्याचे बहुतेक फोटो स्टुडिओत, मागे रंगवलेला पडदा लावून, पोस्टकार्डं खपवण्यासाठी काढलेले आहेत. त्यातली बाई कोण, धंद्यातली होती का, मुंबईची तरी होती का, हे मथळ्यावरून कळत नाही. गजांच्या खोल्यांचे जे फोटो सतत फिरतात ते बहुतेक विसाव्या शतकातले आहेत. १८८० च्या मजकुरात ते घालू नका. आज त्या गल्ल्यांत राहणाऱ्या बायकांचे चेहरे इतिहासाच्या लेखाला शोभा म्हणून तर अजिबात वापरू नका.

शेवटचं बायकांच्या स्वतःच्या शब्दांबद्दल. ते अगदीच नाहीत असं नाही. कोर्टातल्या जबान्यांत आणि सरकारला केलेल्या अर्जांत ते तुटक तुटक सापडतात. पण अर्ज बाईने सांगितलेला असतो आणि अर्जनवीसाने लिहिलेला. 'गरीब, अनाथ, सरकार मायबाप' ही भाषा त्याच्या ठरलेल्या साच्यातली असते, कुठल्याही अर्जात येते. तिच्यावरून बाई लाचार होती असा निष्कर्ष काढू नका. साचा संपून भाड्याची रक्कम, शिपायाचा त्रास, मुलीचं वय, शेजारणीची साक्ष असे तपशील सुरू होतात तिथून पुढे बारकाईने वाचा. जबानीतही दुभाषा कोण होता, प्रश्न काय विचारला होता ते बघा, कारण छापील कागदात बऱ्याचदा प्रश्न गाळून फक्त उत्तर ठेवलेलं असतं. आणि असा उतारा आपल्या लेखात घेताना तो कुठल्या कागदातून, कुणाच्या हातून आलाय, हे त्याच परिच्छेदात लिहा.